गोल्फ : 'कंबर फिरव' म्हणतात सगळे, पण फिरवायचं नेमकं काय?

वर्धारोडवाला

नमस्कार मंडळी, खेळांच्या विभागात क्रिकेट सोडून दुसरा धागा काढतोय म्हणून आधीच माफी मागतो. वय ४७, काम खुर्चीवरचं, नागपुरात मिहानकडे. फेब्रुवारीपासून गोल्फ शिकून राहिलो. ऑफिसातल्या दोघांनी ओढत नेलं होतं, म्हटलं एक दिवस जाऊन पाहू, आणि मग लागला नाद. आता पहाटे साडेपाचला आपोआप जाग येते, बायको म्हणते हेच दहावीत केलं असतं तर.

तर प्रॉब्लेम असा आहे. सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याची काठी) कशीबशी १२० यार्ड जाते आणि ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, मारला की बॉल आधी सरळ निघतो अन् मग जे उजवीकडे वळतो ते थेट बाभळीत, याला स्लाइस म्हणतात म्हणे. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, तू नुसता हातानं मारून राहिला, कंबर फिरव. कोच तेच, सोबतचे तेच, यूट्यूब उघडा तर तिथंही तेच. म्हणून दोन महिने इमानेइतबारे कंबर फिरवली. बॉल अजून बाभळीतच आहे, वर कंबरेत उजव्या बाजूला खाली अशी कळ बसली की खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागते.

पोराकडून मागच्या बाजूनं व्हिडिओ काढून घेतला. त्यात दिसते की सुरुवातीला मी वाकलेला असतो बरोबर, पण मारायच्या क्षणी पोट बॉलकडे ढकलून सरळ उभा होतो, जसं कोणी मागून गुदगुली केली. हे काय होऊन राहिलं? कंबर फिरवायची म्हणजे नेमकं काय, कधी आणि किती?

तर्रीमारके

कंबर फिरवायचीच हौस आहे तर मारबतीच्या मिरवणुकीत ये न भाऊ, महालात. ईडा पीडा स्लाइस घेऊन जा गे मारबत!

रामनगर_सात

तर्री, प्रत्येक धाग्यावर आलंच पाहिजे का.

वर्धारोडवाला, हिशोब सोपा आहे. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे काठी मागं नेताना, खांदे ९० अंश, हिप ४५ अंश. दोघांतला फरक म्हणजे तुमची स्प्रिंग, पीळ जितका जास्त तितकी पॉवर. जिम मॅकलीन या कोचनं १९९२ मध्ये याला एक्स फॅक्टर नाव दिलं, तेव्हापासून सगळं जग हेच शिकवतं. तुमची हिप बॅकस्विंगलाच जास्त फिरून जात असणार म्हणून पीळ बसत नाही. उजवा गुडघा वाकलेलाच ठेवा, हिप अडवून धरा, फक्त खांदे फिरवा.

फौजीकाका_कामठी

वर जे लिहिलंय ते २५ वर्षांच्या पोराला सांगा. ४७ वर्षांच्या खुर्चीतल्या माणसानं हिप अडवून खांदे ९० अंश फिरवले तर मधलं जे आहे ते तुटेल. तेच झालंय बघा त्यांचं.

मी पलटणीत असताना खेळायला लागलो, आता सत्तरीकडे आलोय, अजून १८ होल चालत करतो. मला ज्या साहेबांनी शिकवलं ते डावी टाच उचलू द्यायचे. बॅकस्विंगला डावी टाच थोडी उचलली की कंबर आपसूक जास्त फिरते, पाठीवर जोर येत नाही. जॅक निकलॉस आयुष्यभर तसाच खेळला, १९८६ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा सहाव्यांदा जिंकला तेव्हा ४६ वर्षांचा होता. तुमच्याहून एक वर्षानं लहान, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

आणि खाली येताना सुरुवात खालून करा. टाच खाली टेकली की कंबर चालू, हात सगळ्यात शेवटी. बेन होगन हेच सांगायचा, आधी हिप. १९४९ मध्ये त्याच्या गाडीला बसनं धडक दिली, पेल्विस, म्हणजे कमरेखालचं हाडाचं कडं, दोन ठिकाणी मोडलं, पुन्हा चालेल की नाही असं लोक म्हणत होते. १९५० ला तो यूएस ओपन जिंकला. ज्याचं पेल्विसच मोडलं होतं त्यानं ते केलं आणि आपण खुर्चीचं कारण सांगतो.

रामनगर_सात

काका, निकलॉसचा जमाना वेगळा होता. आता टाच कोण उचलतं?

फौजीकाका_कामठी

ज्याची पाठ दुखते तो उचलतो.

सावनेरची_फिजिओ

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी गोल्फ खेळत नाही, पण गोल्फ खेळून आलेल्या कंबरा महिन्याला दोन-तीन तरी बघते.

दादा, तुमचा सगळा घोळ एका शब्दात आहे. इंग्रजीत हिप म्हणतात ते आपण मराठीत सरसकट 'कंबर' करून टाकलं. पण कंबर म्हटलं की आपला हात कुठं जातो? पट्ट्याच्या वर, पाठीच्या खालच्या भागावर. तुम्ही दोन महिने तोच भाग पिळलात. तिथले पाच मणके वाकण्यासाठी आहेत, फिरण्यासाठी नाहीत, पाचही मिळून एका बाजूला जेमतेम १०-१५ अंश फिरतात. हिप म्हणजे खुबा. मांडीच्या हाडाचा गोळा जिथं वाटीत बसतो ना, तो सांधा. तो कुठं आहे हे बहुतेक लोकांना माहीतच नसतं, सगळे बाजूच्या हाडावर हात ठेवतात. उभं राहून एक गुडघा वर उचला, जांघेत जिथं घडी पडते तिथं बोट ठेवा. त्या घडीच्या आत, खोल. फिरायचं तिथून.

आता टेस्ट सांगते. टेबलावर असे बसा की पाय लटकतील, गुडघे काटकोनात. मांडी न हलवता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. साधारण ३५ ते ४५ अंश जायला पाहिजे. मग उजवा पाय. बुड उचलायचं नाही, ती चीटिंग. उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकस्विंगला उजव्या खुब्यात हे फिरणं लागतं आणि बॉल मारून पुढं जाताना डाव्या खुब्यात. डावा खुबा अडला की शरीर वाट शोधतं. एक तर पाठ पिळते, नाही तर माणूस सरळ उभा होतो. तुमच्या व्हिडिओत दोन्ही आहे असं वाटतं. आणि मारताना तुम्ही उजवीकडे कलता आणि डावीकडे पिळता, दोन्ही एकदम, म्हणून दुखणं उजव्या बाजूला.

आणखी एक, माझ्याकडे येणारे हमखास म्हणतात की मी तर रोज मांडी घालून जेवायला बसतो, माझे खुबे एकदम मोकळे. अहो मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो. गोल्फला लागतो तो आतला. आपल्याकडे बाहेरचं उत्तम असतं आणि आतल्याची कधी गरजच पडत नाही.

पायात मुंग्या येत असतील, कळ मांडीच्या मागून खाली उतरत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला दाखवा.

तर्रीमारके

ऑफिसात टेबलावर बसून पाय हलवून राहिलो, एचआर पाहून गेली. डावा बरोबर, उजवा लाकूड. मी तर गोल्फ खेळतच नाही, आता काय करू?

सावनेरची_फिजिओ

खुर्चीतून उठत जा.

वर्धारोडवाला

ताई, सलाम. टेस्ट केली, पोरानं मोबाइलवर अंश मोजले. उजवा ३५ च्या आसपास, डावा २० सुद्धा नाही! डाव्याला तर असं वाटते की आत कोणी दार लावून घेतलं. मुंग्या वगैरे नाही, कळ जागेवरच आहे.

मग आता डावा मोकळा होईपर्यंत खेळू नको का? थंडी आत्ताच सुरू झाली आहे, नागपुरात खेळायचे चार महिने हेच, मग मार्चनंतर कोण उन्हात जाते.

सावनेरची_फिजिओ

कळ जाईपर्यंत फुल स्विंग नको. पटिंग, चिपिंग, म्हणजे छोटे हलके फटके, करा. नंतर खेळा, पण डावं पाऊल टार्गेटकडे थोडं उघडून ठेवा, २०-२५ अंश. तेवढं खुब्याचं काम कमी होतं. स्ट्रेच म्हणाल तर जमिनीवर बसून दोन्ही गुडघे काटकोनात, एक पाय पुढं आडवा, दुसरा बाजूला मागं वळलेला, छाती सरळ. मागच्या पायाचा खुबा आतल्या बाजूला ताणला जातो. झटका न देता, दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट, रोज. दीड-दोन महिन्यांत फरक दिसायला हवा. दिसला नाही तर हाडाचीच ठेवण तशी असेल, मग ताणत बसू नका, पाऊल उघडंच ठेवा.

रामनगर_सात

ताईंच्या पोस्टनंतर मी माझं अडवून धरण्याचं वाक्य अर्धं मागं घेतो. अर्धंच. टायगर वूड्सच्या पाठीचं काय झालं ते बघता पीळ कमी केलेला बरा, २०१७ मध्ये मणके जोडायची सर्जरी करावी लागली. तरी २०१९ ला मास्टर्स जिंकला म्हणा, पण तो टायगर आहे.

सरळ उभं होण्याला अर्ली एक्स्टेन्शन म्हणतात. त्यावर भिंतीचा ड्रिल आहे. भिंतीला पाठ करून स्टान्स घ्या, बुड भिंतीला जेमतेम टेकलेलं, हात छातीवर. बॅकस्विंगला उजवं बुड भिंतीला घासत मागं जातं, डावं सुटतं. डाउनस्विंगला, म्हणजे काठी खाली येताना, डावं बुड मागं येऊन भिंतीला टेकलं पाहिजे. पूर्ण वेळात कुठला तरी एक भाग भिंतीला लागलेलाच पाहिजे. दोन्ही सुटले म्हणजे तुम्ही उभे झालात.

वर्धारोडवाला

केलं. पहिल्या वीसपैकी अठरा वेळा दोन्ही सुटले. भिंतीचा चुना पँटला आणि आईची हाक, काय रे, खाज सुटली का.

काटोलचा_संत्रेवाला

मी लई दिवस नुसता वाचून राहिलो होतो, आज लिहितो. गोल्फचं मले काही समजत नाही, मेहुणा खेळते म्हणून दोनदा संगं गेलो. पण तुम्ही जे खालून वर, खालून वर म्हणून राहिले ते मी लहानपणी वावरात केलेलं आहे. गोफण.

जवारी हुरड्यावर आली की पाखरं यायची, अन् आमची ड्युटी मचाणावर. नवीन पोट्टा गोफण हातानं फेकते, गोटा त्याच्याच मागं पडते. आमचे आबा सांगायचे, हातानं फेकू नको, हात नुसता दोरी आहे. गरगर फिरवायची, मग डावा पाय पुढं टेकायचा, पाय टेकला की मांडी वळते, मांडी वळली की छाती, छातीमागून हात, हातामागून गोफण अन् शेवटी गोटा. एकेक जण थांबते म्हणून पुढचा पळते. सगळे एकदमच पळाले तर गोटा जवळच पडते. मेहुण्याले सांगितलं तर म्हणे हे तर आमचे कोच कॉम्प्युटरवर दाखवतात.

रामनगर_सात

वा! आबांना दंडवत. कॉम्प्युटरवर दाखवतात त्याला कायनेमॅटिक सिक्वेन्स म्हणतात, आणि त्यात अगदी हेच दिसतं. आधी पेल्विसचा वेग सगळ्यात वर जातो आणि मग कमी व्हायला लागतो, मग छातीचा, मग हाताचा, मग क्लबचा, म्हणजे काठीचा. 'एकेक जण थांबते म्हणून पुढचा पळते' हे इतक्या कमी शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी शिकायला पैसे दिलेत.

फुटाळ्याची_सकाळ

इथं बाईमाणूस म्हणून एक मुद्दा. मी सहा वर्षं खेळते. 'डावा पाय टेकला की' हे वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. माझी चूक उलटी होती, खुबे मोकळे आहेत म्हणून मी डाउनस्विंग सुरू झाला की गरकन फिरायची, वजन अजून उजव्याच पायावर. कंबर टार्गेटकडे, हात मागं राहिलेले, क्लबचं तोंड उघडं, बॉल उजवीकडे. म्हणजे कमी फिरवून पण स्लाइस आणि जास्त फिरवून पण स्लाइस.

माझं सुटलं ते स्टेप ड्रिलनं. दोन्ही पाय जवळ ठेवून बॅकस्विंग सुरू करायचा, क्लब वर पोचायच्या आधीच डावा पाय टार्गेटकडे टाकायचा आणि मारायचं. पाय पडायच्या आत मारताच येत नाही, म्हणून वजन आधी, फिरणं नंतर. क्रिकेटवाल्यांना हे लगेच जमतं. पण एक, क्रिकेटवाले मग सरकतच राहतात, ड्राइव्ह मारायला निघाल्यासारखे, डोकंही बॉलच्या पुढं. सरकायचं बोट-दोन बोटं, मग डावा पाय खांबासारखा आणि खुबा मागच्या बाजूला, खिशाला कोणी मागून ओढल्यासारखा.

आणि यार्डांचं फार मनाला लावून घेऊ नका. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली, ब्राँझ एका शॉटनं हुकलं, लांब मारणाऱ्यांत ती नव्हतीच. पटिंगवर आली तिथपर्यंत.

फौजीकाका_कामठी

बेटा एकदम बरोबर. आमच्या जुन्या कॅडीचं (बॅग उचलणाऱ्याचं) वाक्य होतं, साब पहले बैठो, फिर घूमो. सॅम स्नीड खाली येताना असाच किंचित बसायचा, दोन्ही गुडघे बाहेर, घोड्यावर बसल्यासारखा. बसलेला माणूस पोट पुढं ढकलूच शकत नाही.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. जमीन. खुबा फिरतो तो पायानं जमीन ढकलल्यावर. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बुटाचे स्पाइक भरून जातात, पाय सरकतो, मग माणूस भीतीनं हातानं मारतो आणि तीच सवय दिवाळीपर्यंत राहते. दर शॉटला टी (बॉल ठेवायची खुंटी) घेऊन तळवे खरवडायचे. आणि सरावाच्या रेंजच्या रबर मॅटवर उलटं, तिथं बूट इतका चिकटतो की पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. मॅटवर साधे कॅनव्हास घाला.

तर्रीमारके

काका, 'पहले बैठो' हे मी बायकोला दाखवतो. ती म्हणते हा माणूस बैठो वर थांबला आहे.

वर्धारोडवाला

मंडळी, पाच आठवड्यांनी अपडेट.

पहिले तीन आठवडे फुल स्विंग बंद, नुसतं पटिंग, चिपिंग आणि स्ट्रेच. कळ गेली, अगदी गेली म्हणणार नाही पण टेबल धरावं लागत नाही. डावा खुबा २० चा २६-२७ झाला. पाऊल उघडं ठेवून राहिलो. भिंतीवर आता वीसपैकी बारा-तेरा वेळा जमते, आईनं त्या भिंतीला कॅलेंडर लावलं म्हणून जागा बदलावी लागली.

फुल स्विंग सुरू केल्यावर पहिल्या दोन दिवसांत चार शँक मारले, म्हणजे बॉल काठीच्या मानेला लागून भलतीकडे, एक तर शेजारच्या खेळणाऱ्याच्या बादलीवर, माफी मागून आलो. मग संत्रेवाले भाऊंची गोफण आठवली. घरची जुनी ओढणी घेतली, टोकाला गाठ, आणि गच्चीवर तीच फिरवत बसलो. हातानं फिरवली तर आवाज उजव्या कानाजवळ येतो. पाय टेकून, खुबा मागं नेऊन फिरवली तर आवाज पुढं, डाव्या पायाच्या तिकडे येतो. हे कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप सापडलं. दुसऱ्या दिवशी सेव्हन आयर्न १३५. रोज नाही, दहापैकी चार. पण ते चार असे जातात की हाताला काही लागलंच नाही असं वाटते.

आता नवीन भानगड. ड्रायव्हर डावीकडे जाऊन राहिला. उजवीकडच्या बाभळी सुटल्या, डावीकडे कंपाउंडची भिंत आहे.

रामनगर_सात

अभिनंदन, डावीकडे वळतो तो हुक, म्हणजे प्रगती! बॉल आधी थोडा उजवीकडे निघून मग डावीकडे वळतोय ना? मग खुबा चालू होतो पण मध्येच थांबतो आणि हात पुढं पळून क्लबचं तोंड बंद करतात. मारल्यावर थांबू नका, पट्ट्याचं बकल टार्गेटकडे आणि उजव्या पायाची फक्त बोटं जमिनीला, असं तीन सेकंद उभं राहा. तसं उभं राहता आलं नाही तर कुठंतरी थांबलात.

फुटाळ्याची_सकाळ

आणि ग्रिप बघा. इतके दिवस स्लाइस वाचवायला तुम्ही ग्रिप उजवीकडे वळवून घेतली असेल, सगळेच घेतात. आता खुबा फिरायला लागला तर ती परत आणावी लागेल.

वर्धारोडवाला

ताई तुम्ही कॅमेरा लावला का माझ्यावर? अगदी तीच ग्रिप आहे. शनिवारी बदलून पाहतो.

काटोलचा_संत्रेवाला

ओढणीत गोटा नका टाकू फक्त. शेजारचे काच मागतील.

लेफ्टी_धरमपेठ

उशिरा आलो, सगळं वाचलं. मी डावखुरा आहे. म्हणजे माझ्यासाठी सगळं उलटं का? टेस्टला डावा ४०, उजवा २५.

सावनेरची_फिजिओ

हो, सगळं उलटं. तुमचा अडचणीचा खुबा उजवा, पाऊल उजवं उघडा. आणि आधी सांगा, दुखतं का कुठं?

लेफ्टी_धरमपेठ

कंबर.

सावनेरची_फिजिओ

कुठली कंबर? बोट ठेवून सांगा.